सहा तासांसाठी एक माणूस

मी सरकारकडं फक्त एक माणूस मागितला होता. तोही कायमचा नाही. सकाळी दहा ते चार, सहा तास. त्यानं काही करायचं नव्हतं. आमच्या ओट्यावर बसायचं, वाटलं तर बिडी ओढायची, आणि आमचे दादा उठून चालायला लागले की म्हणायचं, “पिराजी, बसा.” एवढंच. सरकारकडं माणसं कमी आहेत असं मला कुणी सांगू नये. आमच्या तालुक्याच्या तहसिलीत पंख्याखाली जी माणसं बसलेली असतात त्यातला एखादा उचलून आमच्या ओट्यावर ठेवला असता, तर तिथं महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण मी पडलो सातवी नापास, मिळेल ते वाचून शहाणा झालेला माणूस. मला वाटायचं, मागितल्यावर सरकार देतं का नाही एवढाच काय तो प्रश्न. कुणाकडं मागायचं हा त्याच्या आधीचा प्रश्न असतो, आणि त्यातच माणसाचं आयुष्य निघून जातं, हे नंतर कळलं.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना विसर पडत चालला होता. चष्मा कुठं ठेवला असला विसर नाही. तसला मलाही पडतो. आई वारली हे ते विसरले होते. जेवलेलं विसरायचे. मला विसरून दोन वर्षं झाली होती; मी त्यांचा मुलगा नसून गावातला कुणीतरी मास्तर आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एकच गोष्ट ते विसरले नव्हते. बाहत्तरच्या दुष्काळातली हजेरी.

त्या वर्षी गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं आणि मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, कारकून म्हणून दादा लागले. छप्पन्न साली धर्म बदलला त्याच हिवाळ्यात, चाळिशीला आलेले असताना, ते रात्रीच्या शाळेत पाटी घेऊन बसले होते. त्यामुळं दोनशे माणसांच्या त्या कामावर सुवाच्य लिहिणारे ते एकटे, आणि कुणाचं न ऐकणारेही ते एकटेच. दिवस उगवला की बांधावर उभं राहून ते नावं पुकारायचे. “हजर” आलं की टिपका. दोनदा पुकारून आलं नाही की खाडा. ज्यांच्या विहिरीवर आमची सावली चालत नव्हती, त्यांच्या घरच्या सुना त्या वर्षी डोक्यावरचा पदर पुढं ओढून खडी फोडत होत्या, आणि त्यांना नावानं हाक मारणारा आमचा बाप होता. असली हजेरी कोण विसरेल? मी तर म्हणतो, बाकी सगळं विसरून माणसानं एवढंच ध्यानात ठेवावं.

तर अकरा वर्षांनंतरही दादा रोज सकाळी वही काखेत मारून तलावाकडं निघायचे. कधी पोचायचे, कधी भूमच्या एस.टी.त जाऊन बसायचे, कंडक्टरचंच नाव लिहून घ्यायचे. मी मागं पळायचो. माझी बायको केशर शाळामास्तरीण. तिची शाळा दुसऱ्या गावात, ती आठच्या गाडीनं जायची, चारला परतायची. मी तहसिलीसमोरच्या दूध संघात लिपिक. दहाला दुधाचा टेम्पो सुटतो आणि माझ्या सहीशिवाय एक कॅन हलत नाही. एका सकाळी दादा तलावातल्या कोरड्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेले सापडले. मी त्यांना बोलण्यात गुंतवून, गुरं वळवतात तसा अर्धगोल फिरून, मागून धरलं. घरी आणेपर्यंत बारा वाजले. तोवर टेम्पो उन्हात उभा, आणि सगळं दूध नासलेलं.

चेअरमन हिंमतरावांनी मेमो दिला. तोंडानं लई गोड माणूस. “गुलाब, तुझ्या बापाबद्दल मला आदर हाय. पन दुधाला कुठं त्येचा आदर? हितनं फुडं टेम्पो तुझ्या सहीसाठी थांबनार न्हाय. आनखी दोनदा असं झालं तर मला तुझी चिठ्ठी फाडावी लागंल.”

म्हणजे असा पेच होता. नोकरीवर गेलो तर बाप विहिरीत, बापामागं गेलो तर नोकरी विहिरीत.

लोकांनी सल्ले दिले. आमची शेजारीण धुरपदाबाई, तिची आमची भिंत एक. बाहत्तरला ती त्याच कामावर होती, म्हणून दादांनी ओट्यावरून “धुरपदा!” अशी हाक मारली की ती भाकरी थापता थापता भिंतीपलीकडून “हजर!” म्हणते. तिचं म्हणणं, म्हाताऱ्याच्या गळ्यात घुंगूरमाळ बांध. “म्हंजे कुनीकडं गेला ते तरी कळंल. आमचा पवळ्या बैल असाच हिंडायचा.”

“मग सापडला का माळ बांधल्यावर?”

“माळ सापडली.”

तामलवाडीहून माझा मेहुणा आबाराव आला. तो म्हणाला, बाहेरून कुलूप घाला आणि निवांत कामावर जा. यावर केशर चुलीपुढून उठली. “आबा, ज्या मानसानं मला हुंडा न घेता सून केली आन् सून केल्यावर शिकाया पाठविलं, त्याच्या दाराला तू कुलूप सांगतो व्हय? घाला. किल्ली म्या विहिरीत टाकते का न्हाय बघा.” मग माझ्याकडं वळली. “आन् तुम्ही येवढं पेपरात पत्रं लिहिता सरकारला. रस्ता न्हाय, पानी न्हाय. एक पत्र बापासाठी लिहा की. सरकार हाय तरी कशाला?”

हा प्रश्न मला झोंबला. मी दोन पानी अर्ज लिहिला. दुष्काळात सरकारचं काम इमानानं केलेल्या माणसाचं डोकं आता काम करत नाही, तरी सरकारनं त्याच्यावर लक्ष ठेवायला सहा तासांसाठी एक माणूस द्यावा. भाषा जरा कडक झाली होती. ‘द्यावा’च्या खाली मी रेघ ओढली होती. एक प्रत टपालानं जिल्ह्याला धाडली, दुसरी खिशात घेऊन निघालो.

पहिल्यांदा दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता, बरा होता. त्यानं दादांना वार विचारला, साल विचारलं. दादांनी साल बाहत्तर सांगितलं. त्यानं कागदावर लिहिलं: स्मृतिभ्रंश.

“औषध?”

“नाही.”

“मग करायचं काय?”

“सांभाळायचं.”

“कुणी?”

डॉक्टरनं घड्याळाकडं बघितलं. “औषध असतं तर आमचं खातं. सांभाळण्याचं म्हणाल तर समाजकल्याण बघा.”

समाजकल्याणाच्या टेबलावर एक छापील फॉर्म होता. आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, लुळा. त्यापुढं चौकोन, लागू असेल तिथं खूण करा. मी खालीवर बघितलं. “साहेब, डोक्याचा चौकोन कुठं आहे?”

“डोकं या यादीत येत न्हाय.”

“ते इथं आल्या आल्याच माझ्या लक्षात आलं,” मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं. माझा कागद तिथं तीन आठवडे पडून राहिला. पण मला अजून वाटतं, वाक्य चांगलं होतं.

चौथ्या आठवड्यात त्याच माणसानं सांगितलं, डोक्याचं काम पोलिसांकडं असतं. वेड्यांचं इस्पितळ सरकारी आहे, पण तिथं पाठवायला कोर्टाची ऑर्डर लागते आणि ती पोलिसांमार्फत होते. मला दादांना तिथं पाठवायचं नव्हतं. पण कुठल्यातरी दारातून आत शिरलं म्हणजे पुढची दारं कळतील असं मला वाटलं. जमादारानं टेबलावर पाय ठेवून चौकशी केली. “दगड मारतो का?”

“नाही.”

“नागवा फिरतो?”

“कोपरीची बटणंसुद्धा लावून असतात.”

“मग करतो काय?”

“हजेरी घेतात.”

“आरं, मग त्यो वेडा कसा? उलट मानूस कामाचा हाय! आधी कुनाला तरी मारू द्या, मग या.”

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या दिवशी घरी आल्यावर मी दादांच्या पुढं जाऊन बसलो आणि गाल पुढं केला. म्हटलं, मारतील एखादी, गालफाड सुजलं तर जमादाराला दाखवता येईल. दादांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “मास्तर, जेवलात का? लई वाळलात.”

मी उठून बाहेर गेलो आणि उगाचच सायकलला तेल दिलं.

शेवटी तहसील. तिथं निराधारांची एक योजना नवी निघाली होती. तिच्यात माणूस मिळत नव्हता. पण निदान सरकारच्या कुठल्यातरी पुस्तकात दादांचं नाव चढलं असतं, आणि एकदा नाव चढलं की भांडायला बूड मिळतं. अव्वल कारकून होते शिवलिंगप्पा. मूळचे कर्नाटकाच्या शिवेवरचे, पोटानं मोठे, आवाजानं बारीक. त्यांनी दादांना समोर बसवलं. मी खांद्यावर हात ठेवून मागं उभा.

“आजोबा, नाव?”

“पिराजी सखाराम ओव्हाळ. मस्टर कारकून, पाझर तलाव.”

“मुलगा हाय का तुम्हाला?”

दादांनी विचार केला. आढ्याकडं बघितलं. “न्हाय.”

“मग हे मागं कोण उभे हायत?”

“हे व्हय? हे मास्तर. लई भला मानूस. मला रोज घरी सोडतो.”

शिवलिंगप्पांचा चेहरा खुलला. एखाद्या कारकुनाला नियमातून वाट सापडली की त्याच्या तोंडावर जे तेज येतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, “मास्तर, काम झालंच म्हना की! अर्जदार स्वतःच म्हनतोय मुलगा न्हाय. तुम्ही खाली एक ओळ लिहून द्या: मी शेजारी असून माणुसकीने सांभाळतो. बास.”

पेन माझ्या हातात होता. शहाण्या माणसानं ती ओळ लिहिली असती, आणि मी स्वतःला तालुक्यातला सगळ्यात शहाणा माणूस समजत होतो. पाच महिने चपला झिजवल्या त्या या एका ओळीसाठीच. मी वाकलो, ‘मी’ एवढं लिहिलं, आणि पुढं काय झालं मला कळलं नाही. मी ओरडलो, “मी मुलगा आहे यांचा! गुलाब पिराजी! शेजारी कुणाला म्हणता? लिहा, ठळक लिहा!” बाहेर झाडाखाली अर्जाला लावायची कोर्ट-फीची तिकिटं विकणारा म्हातारा उठून आत बघायला आला.

“लिवलं,” शिवलिंगप्पा शांतपणे म्हणाले. “मुलगा आहे. मुलगा नोकरीत आहे. सून नोकरीत आहे. अपात्र.” आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. “हितं अंगठा लावा आजोबांचा.”

अंगठा! चाळिसाव्या वर्षी कंदिलाखाली अक्षर शिकलेल्या माणसाचा अंगठा! मी पॅड झाकलं. म्हणालो, सही होईल, नाहीतर काही होणार नाही. दादांच्या हातात पेन दिला. ते वाकून बराच वेळ लिहीत राहिले. मला भरून आलं. मग बघितलं तर सहीबिही काही नव्हती. सरकारी फॉर्मच्या पाठीवर त्यांनी सरळ रेघा मारून मस्टर आखलं होतं. ते उठले. शिवलिंगप्पांच्या पुढं उभे राहिले. “नाव?”

“माझं? शिवलिंगप्पा.”

“हजर हाय का?”

“हाय की. हजर.”

टिपका. पुढच्या टेबलाकडं गेले. खुर्ची रिकामी. टेबलावरच्या पाटीवरनं नाव वाचून त्यांनी खणखणीत आवाजात दोनदा पुकारलं. “खाडा!” पुढचं टेबल. “खाडा!” त्यापुढच्या खुर्चीच्या पाठीला कोट अडकवलेला होता, मालक नव्हता. दादांनी कोट चाचपून बघितला. “कोट हजर. मानूस खाडा!” नऊ खुर्च्यांत सहा खाडे निघाले. व्हरांड्यात कामासाठी ताटकळलेली खेड्यातली माणसं उठून खिडकीशी आली आणि प्रत्येक खाड्याला हसायला लागली. इतक्यात तहसीलदार साहेब आतून बाहेर आले. नवे होते, महिन्यापूर्वीच आलेले. त्यांनी घड्याळ बघितलं. साडेअकरा. दादांच्या हातातला कागद घेऊन वाचला आणि परत त्यांच्याच हातात दिला.

“हे आजोबा रोज येतात का?”

“नाही साहेब,” मी म्हणालो.

“येऊ द्या. दहाला येऊ द्या.”

आणि माझ्या अर्जावर कुणी सही न करता मला सरकारकडून एक नाही, नऊ माणसं मिळाली. रोज पावणेदहाला दादांना तहसिलीच्या व्हरांड्यात सोडायचं, साडेपाचला न्यायचं. त्यांना वाटायचं तलावाचं काम इथंच आलंय. कारकून दहाच्या आतच खुर्चीत. शिवलिंगप्पा त्यांना चहा पाजायचे, उठून फाटकाकडं निघाले की म्हणायचे, “आजोबा, हजेरी अर्धी ऱ्हायली.” दादा लगेच मागं फिरायचे. एकदा शिवलिंगप्पा मला म्हणाले, “माझी आई अशीच होती. तवा मला वाटायचं मुद्दाम करती.” एवढं बोलून ते फायलीत तोंड घालून बसले.

कागदोपत्री मात्र दादा कुठंच नव्हते. रविवारी तहसील बंद, म्हणून दादा पुन्हा तलावाच्या वाटेला आणि मी मागं. सरकारी सुट्ट्यांचा मी आयुष्यात एवढा द्वेष कधी केला नव्हता. ज्या सणांची लोक वर्षभर डोळ्यांत प्राण आणून वाट बघतात ते मी कॅलेंडरवर लाल शाईत बघितले की मला घाम सुटायचा. दसऱ्याला जोडून शनिवार-रविवार आला आणि दादा तिन्ही दिवस तलावावर गेले. पुढच्या सकाळी मी गुडघ्याला फडकं बांधून कामावर पोचलो तेव्हा टेम्पो निघून गेला होता. दुसरा मेमो.

पाच आठवडे असे गेले. सहाव्या आठवड्यात हिंमतराव कसल्यातरी कामाला तहसिलीत आले. पांढरी टोपी, हसरं तोंड, मागं चार माणसं. दादांनी चष्मा सारखा केला.

“हिंमतराव बाबूराव!”

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. हे नाव बाहत्तरच्या मस्टरवर होतं. माणूस मात्र एक दिवससुद्धा कामावर फिरकला नव्हता. टिपका मार म्हणून दादांना वरून निरोप यायचा, दादा खाडा मारायचे. चौथ्या महिन्यात दादांनाच कामावरून काढलं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि अकरा वर्षं कुणी बोललं नव्हतं.

“हिंमतराव बाबूराव!” दुसऱ्यांदा.

“अहो, हजर हाय की समोर,” हिंमतराव हसत म्हणाले.

दादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आज आलास व्हय? काम संपल्यावर? खाडा!”

लोक एवढे हसले की शिवलिंगप्पांनी खिडकी लावून घेतली. हिंमतराव हसत हसतच निघून गेले. पण मला ते हसणं माहीत होतं. दुपारी त्यांनी मला बोलावलं. “गुलाब, तुझा बाप वेडा झालाय.”

“नाही साहेब. पोलीस म्हणतात, नाही.”

“आता एकदा जरी दहाला सही चुकली, तर येऊ नकोस.”

त्यानंतर पंधरा दिवसांत तहसीलदारांची बदली झाली, आणि माझ्या अर्जाला जिल्ह्याहून उत्तर आलं. सात महिने जे उत्तर येत नव्हतं ते पंधरा दिवसांत आलं. यावरून सरकारला घाई करता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी धडा घ्यावा.

सकाळची पावणेदहाची वेळ. मी दादांना बाकावर बसवून निघणार, तर शिवलिंगप्पांनी थांबवलं. कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी बारीक आवाजात वाचला: “‘सदर व्यक्तीचा आजार शासनाच्या कोणत्याही विभागाच्या अखत्यारीत येत नसल्याने मागणी अमान्य करण्यात येत आहे. तसेच अनधिकृत व्यक्तीस कार्यालयाच्या आवारात बसू देऊ नये.’” घडी घातली, पुन्हा उघडली. माझ्याकडं न बघता म्हणाले, “न्या आता यांना. माझा इलाज न्हाय.”

रस्त्यापलीकडं संघाच्या दारात टेम्पोनं पहिला हॉर्न दिला.

“कागूद कुनाचा आला?” दादांनी विचारलं.

“शासनाचा, आजोबा.”

“नवा गडी हाय का?” त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, वहीत नाव लिहिलं आणि उभे राहिले. कायदा म्हणजे कायदा. आधी जुनी नावं. “शिवलिंगप्पा!” “हजर.” एकेक कारकून “हजर” म्हणत गेला, अगदी कोटवालासुद्धा कोटात होता.

“शासन!”

टेम्पोचा दुसरा हॉर्न झाला.

“शासन!”

नऊ माणसं आपापल्या टेबलाकडं बघत होती. दादांनी पेन्सिल वहीवर टेकवली. “खाडा.”

मी त्यांचा हात धरायला पुढं झालो. निघालो असतो तर तिसऱ्या हॉर्नच्या आत पोचलो असतो. कुठं ठेवणार होतो त्यांना, ते माहीत नव्हतं. तेवढ्यात दादांनी वहीतलं पुढचं नाव पुकारलं. “गुलाब पिराजी!”

बाहत्तरला मीही त्या कामावर खडी फोडत होतो. माझं नाव पानाच्या तळाला असायचं. दोन वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

“हजर,” मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “लई उशीर केलास. अर्धा खाडा. बस ओळीत.”

तिसरा हॉर्न झाला. मी खाली बसलो. टेम्पो गेला.

आता मी दूध संघात नाही. तहसिलीच्या भिंतीला लागून, आवाराच्या बरोबर दोन हात बाहेर, एका लिंबाखाली बसतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. केशर म्हणते, नोकरी गेली पन सवयीचं काम मिळालं. भाषा अजून कडकच असते. ज्यांना मऊ पाहिजे त्यांनी दुसरीकडं जावं. शेजारी दादा वही घेऊन बसतात. फाटकातून आत जाणाऱ्या कारकुनांची हजेरी तिथंच होते. शिवलिंगप्पा भिंतीवरून चहाचा कप खाली देतात. भिंत आवारात येते का बाहेर, यावर अजून कागद निघालेला नाही.

रोज शेवटी शासनाचं नाव येतंच. दादा उठून उभे राहतात, सरकारी इमारतीकडं तोंड करतात आणि दोनदा पुकारतात. तीन खाडे झाले की नाव कापायचं, असा बाहत्तरचा नियम होता. आता पान भरून दुसरं पान लागलं, पण दादा नाव कापत नाहीत. परवा मीच चिडून म्हणालो, “कापा की दादा. तो येणार नाही.”

दादांनी वही मिटली.

“येईल की, मास्तर. वाट विसरला आसंल बिचारा.”